कड बदल

पडद्यावरची बाई कुणाला तरी कडेवर घेऊन उभी होती, आणि कडेवर कुणीच नव्हतं. राखाडी रंगाची, बिनचेहऱ्याची, बिनकेसांची, अंगावर धागा नसूनही उघडी न वाटणारी अशी ती बाई. या खोलीत रोज चाळीस-पन्नास अशी माणसं तयार होत आणि ताई त्यांच्यातल्या चुका काढत बसायची. पण ही चूक तिला नवी होती. डावा खुबा बाहेर आलेला, डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं वर, डावा हात कोपरात वाकवून पोटाशी धरलेला, आणि मान उजवीकडे लांबवलेली, कुणी केस ओढू नयेत म्हणून आपण घेतो तशी. खालच्या पट्टीत संगणकातल्या मॉडेलने आपला अंदाज लिहून टाकला होता : मूल कडेवर, खात्री एक्क्याण्णव टक्के. ताईने यादीतला क्रमांक पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला. क्रमांक तिचाच होता.

खरं तर तिचा क्रमांक त्या यादीत असायचं काही कारण नव्हतं. ताईचं काम पडद्यापुढे बसण्याचं, कॅमेऱ्यापुढे उभं राहण्याचं नाही. माणसाच्या साध्या सपाट फोटोवरून त्याचं सगळ्या बाजूंनी भरलेलं शरीर तयार करायचं, कुठला सांधा किती वाकलाय, पाठ कुठे वळलीय, पोट किती पुढे आहे हे सगळं ओळखायचं, असं त्या ऑफिसचं काम होतं. लाखो फोटो पाहून मॉडेल ते शिकत होतं आणि शिकताना घोळ घालत होतं. कुणाचा हात पोटातून आरपार जाई, कुणाची पावलं जमिनीत रुतत, एखाद्या सभ्य गृहस्थाचा गुडघा चक्क मागे वाके. ताई त्यावर लाल खूण करी आणि पुढच्या माणसाकडे वळे. मंगळवारी मापाला येणारी एक बाई आलीच नाही, कॅमेरे लावून सगळे खोळंबलेले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्हीच उभ्या राहा ना. तुमच्या वयाच्या बायका आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत." मॅडम म्हणजे इंजिनीअर, वय सत्तावीस, ताई अठ्ठेचाळीस. गेली तीन वर्षं मापाला येणाऱ्या प्रत्येकाला ताई एकच वाक्य ऐकवत आली होती : पायांत खांद्यांइतकं अंतर, हात सैल, आणि सरळ उभे राहा. मग विचारायचं, सरळ वाटतंय का? माणूस हो म्हणाला की बटण दाबायचं. पुढची सगळी मापं त्या एका होकारापासून घेतली जात. सरळ म्हणजे काय, हे ज्याचं त्याच्यावर सोपवलेलं होतं, आणि त्यात काही गोम असेल असं तीन वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मंगळवारी मॅडमनी ताईचं वाक्य ताईलाच ऐकवलं. सरळ वाटतंय का? ताई ताठ मानेने म्हणाली होती, अगदी सरळ.

मॅडमनी खुर्ची ओढून घेतली आणि पडद्यावरच्या बाईला बोटाने गरगर फिरवलं. "ताई, कंबर दुखते का तुमची?"

"नाही हो."

"पर्स डाव्या खांद्यावर अडकवता?"

"उजव्या."

"मग…" आजकालच्या मुली कुणालाही काहीही विचारतात, पण ही अडखळली. "तुम्हाला मुलं किती?"

"लग्नच केलं नाही, मुलं कुठून आणू?" ताई हसली, मुलीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मॅडमही हसल्या, आणि मग त्यांच्यातली इंजिनीअर जागी झाली. त्यांनी समजावून सांगितलं ते असं : त्या दिवशी ताईच्या बाह्या ढगळ होत्या, डावं कोपर दिसतच नव्हतं, जिथे दिसत नाही तिथे मॉडेल आजवर पाहिलेल्या माणसांवरून भर घालतं. खुबा आणि खांदा त्याला खरेच दिसले. हात त्याने स्वतःच्या मनाने वाकवला, कारण असा खुबा आणि असा खांदा ज्यांचा होता त्यांचे हात असेच होते. "हे बघा, तुमच्या सगळ्यात जवळची माणसं," म्हणून त्यांनी एक कळ दाबली आणि पडदा लहान लहान फोटोंनी भरला. तीसेक बायका, काही पोरी, कुठल्या कुठल्या देशांतल्या, कुणी अंगणात, कुणी बसथांब्यावर, कुणी रांगेत. प्रत्येकीच्या डाव्या कडेवर एक मूल. मुलांचे चेहरे नियमाप्रमाणे पुसट केलेले. त्यांतली एक पोर नऊ-दहा वर्षांची असेल; तिच्या कडेवरचं मूल तिच्या निम्म्याने होतं आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती, रस्त्याच्या पलीकडे काहीतरी चाललं होतं तिकडे बघत होती. ताईच्या मांडीवर, डाव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, टाचा आपटल्यासारखं झालं. एकदा, दोनदा. ती दचकून खाली बघायला लागली.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. पायाला मुंग्या."

आता पंचाईत अशी की हे शरीर ठेवायचं की काढून टाकायचं ते शुक्रवारपर्यंत ठरवणं भाग होतं, आणि ठरवायचा कागद ताईच्याच हातचा होता. मापाला येणाऱ्यांसाठी जो मराठी अर्ज होता तो दोन वर्षांपूर्वी तिनेच लिहिला होता. मॅडम शेप आणि पोझ म्हणत. ताईने बराच विचार करून शेपला ठेवण म्हटलं आणि पोझला ढब. ठेवण म्हणजे अंगाची घडण, जी माणूस घेऊनच फिरतो. ढब म्हणजे त्या अंगाचं तो जे करतो ते : बसणं, वाकणं, हात वर करणं. मॉडेलला दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत हवं असे. दोन्ही एकात मिसळलं तर माणूस वाकडा आहे की वाकडा उभा आहे हे त्याला कधीच कळलं नसतं. नियमही सोपा होता. सांगितल्यावर सरळ होता आलं तर ढब, नाही आलं तर ठेवण. ढब निघाली तर माप बाद, ठेवण निघाली तर ते यादीत राहणार. "तुम्हीच खूण करा," मॅडम म्हणाल्या, "ज्याचं अंग त्याने सांगायचं."

घरी जाताना लिफ्टमध्ये ती एकटीच होती. आरशासमोर उभं राहून तिने स्वतःला हुकूम सोडला, पायांत खांद्यांइतकं अंतर, हात सैल, सरळ उभी राहा. सरळ वाटतंय का? वाटत होतं. मग तिने आरशाच्या चौकटीशी खांदे ताडून पाहिले आणि खुबा हाताने आत ढकलला. आरशातली बाई पहिल्यांदाच सरळ झाली आणि त्याच क्षणी ताईला वाटलं, आपण उजवीकडे कोसळतोय. तिने कठडा धरला. नुसता तोल गेला असता तर तिला काही वाटलं नसतं. पण हातातलं काहीतरी निसटलं, खाली पडलं, आणि ते पडल्याचा आवाज कसा आला नाही, अशी तिला धडकी भरली. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा ती पुन्हा खुबा बाहेर काढून, निर्धास्त उभी होती. घरी तिने शिवणाच्या डब्यातली टेप काढून दोन्ही पाय खुब्यापासून घोट्यापर्यंत मोजले. एक पाय आखूड असेल तर प्रश्नच मिटला असता. दोन्ही पायांत सुताचाही फरक नव्हता. तिला बरं वाटलं की वाईट, हे तिचं तिलाच समजेना, पण झोपायच्या वेळेपर्यंत तिने ते आणखी दोनदा मोजले.

कडेवर कोण होतं हे तिला माहीत होतं. म्हणजे आठवत होतं, आणि तिच्या घरात आठवणं आणि माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तिला आठवत होता धाकटा भाऊ, तिच्याहून आठ वर्षांनी लहान, दोन-तीन वर्षांचा होऊनही पाय न टेकणारा. त्याच्या ओल्या चड्डीचा कमरेला लागणारा गारठा. मानेवर त्याच्या तोंडाची लाळ. त्याला काही हवं असलं की तो टाचा मारायचा. तिला आठवत होती शाळेची मागची भिंत आणि तिच्यातली खिडकी, आणि त्या खिडकीखाली त्याला कडेवर घेऊन उभं राहून ऐकलेले पाढे; आतल्या पोरी चुकल्या की बाहेर हिचे ओठ बरोबर आकडा म्हणत. दहा वर्षांची असताना आईने तिला शाळेतून काढलं, दोन वर्षं घरी ठेवलं, भाऊ चालायला लागल्यावर परत पाचवीत बसवलं, लहान लहान पोरींमध्ये, शेवटच्या बाकावर. ही झाली तिची गोष्ट. घरातली गोष्ट दुसरी होती. ताई पाचवीत दोनदा नापास झाली. अभ्यासात डोकं चालत नव्हतं बिचारीचं, पण पुढे कष्टाने सावरली. आणि धाकटा? तो तर दहाव्या महिन्यातच चालायला लागला, चालायला कसला, धावायलाच. आज चाळिशीत तो लांब पल्ल्याच्या शर्यती धावतो, बैठकीच्या खोलीत त्याची पदकं खिळ्याला लटकतात. "तू कुठे उचलायचीस गं त्याला," आई म्हणायची, "तो तुझ्या हाती लागायचा का?" वडील होते तेव्हा मान डोलवायचे. आणि धाकटा आपल्या मुलांना फार मायेने सांगायचा, तुमची आत्या पाचवीत दोन वर्षं बसली, पण हरली नाही बरं का. वाद तरी किती घालायचा? विशीत ती तावातावाने भांडली. तिशीत गप्प बसायला लागली. चाळिशीत तर लोकांना स्वतःच सांगायला लागली, हसत हसत, मी दोनदा नापास झालेय हो. या नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा तिने ते सांगितलं होतं. खिडकी, पाढे, टाचा हे सगळं आपण नंतर कधीतरी, नापास झाल्याची लाज वाटू नये म्हणून, मनानेच रचलं असावं असं तिने जवळजवळ मान्य करून टाकलं होतं. आणि आता एक यंत्र, ज्याला तिचं नाव ठाऊक नाही, तिची आई ठाऊक नाही, ते म्हणत होतं मूल कडेवर, एक्क्याण्णव टक्के. ते खरं असेल तर ती नापास झालेली नव्हती. साध्या शब्दांत सांगायचं तर एवढाच प्रश्न होता, आणि तो तिच्या अडतीस वर्षांना पुरून उरला होता.

त्या आठवड्यात तिला रस्त्याने चालणं अवघड झालं, म्हणजे मजेचं अवघड. पोस्टमन समोरून आला, त्याच्या खांद्यावर पिशवी नव्हती, तरी तो ती असल्यासारखाच झुकून चालला होता. हॉटेलातला वेटर सुट्टी झाल्यावर बाहेर पडला आणि उजवा तळहात अजून आडवाच धरून गर्दीतून वाट काढत गेला. बँकेच्या पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ उभे होते, दोन्ही कोपरं बाहेर काढून. ती त्यांच्यामागे पन्नास पावलं गेली, तेव्हा त्यांनी बागेच्या कट्ट्यावर बसून वर्तमानपत्र उघडलं आणि कोपरं नेमकी जागेवर आली. जिकडेतिकडे माणसं काही ना काही धरून चालली होती आणि हातात काही नव्हतं. तिला कुणालातरी थांबवून विचारावंसं वाटे, अहो, हे काय घेऊन चाललाय? एकदा तर एका बाईकडे ती इतकी टक लावून बघत राहिली की ती बाईच म्हणाली, "आपली ओळख आहे का कुठली?" ताईने माफी मागितली आणि पळ काढला. इतकं कुतूहल तिला यापूर्वी कशाचं वाटलं होतं ते आठवेना. शाळेच्या खिडकीखाली कदाचित.

शुक्रवारी तिने ठेवण या शब्दापुढे खूण केली. "नक्की?" मॅडमनी विचारलं.

"माझ्याकडून सरळ होत नाही. मी पाहिलं करून."

"ठीक आहे. पण ताई, एक सांगू? तुम्ही त्या अंदाजाचं फार मनावर घेऊ नका. ते साक्षीदार नाहीये. त्याला आठवण नसते, सवय असते नुसती. पाहिलेल्या शंभर जणी अशा उभ्या होत्या, म्हणून ही एकशे एकावी."

"आमच्या घरात आठवण आहे हो सगळ्यांना," ताई म्हणाली, "तीच तर भानगड आहे." मॅडमना यातलं काहीच कळलं नाही. ताईने आपल्या शरीराची एक प्रत फोनमध्ये मागून घेतली. ज्याचं माप त्याला ते मिळायचा नियमच होता, पण आजवर कुणी मागितलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती भावाकडे गेली. तो धावायला गेलेला, भावजय मुलांना घेऊन माहेरी. आई खिडकीजवळ खुर्चीत मटार सोलत बसली होती. वय शहात्तर, तब्येत ठणठणीत, नजर तेवढी अधू. येताना ताईने वाटभर मनात जुळवणी केली होती : असं विचारीन, मग ती असं म्हणेल, मग मी तसं. तो सगळा वाद तिला तोंडपाठ होता आणि त्यात ती प्रत्येक वेळी हरली होती. म्हणून ती काही बोललीच नाही. शेजारी स्टूल ओढून बसली, चार शेंगा सोलल्या, आणि फोन आईपुढे धरला. पडद्यावर ती राखाडी बाई सावकाश फिरत होती.

"हे काय?" आईने फोन हातभर लांब धरला. "हिला तोंड का नाही?"

"आमच्या ऑफिसात अशीच असतात."

"कपडे पण नाहीत. शोभतं का हे?" आई म्हणाली, पण फोन परत दिला नाही. बाई पाठमोरी झाली, पुन्हा समोर आली. आईच्या कपाळाला आठी पडली, स्वयंपाकघरात काही उतू जात असलं की पडायची ती. "अगं, पोराला असं धरतात का? मान बघ किती लांब केलीय. पोर मागे झुकलं म्हणजे दोघंही पडतील."

ताईने हातातली शेंग खाली ठेवली. "पोर कुठंय, आई?"

"हे काय…" आईने पडद्यावर बोट ठेवलं, आणि बाई गर्रकन फिरली. आई शोधत राहिली. मग थोडी चिडून म्हणाली, "हे तुझंच ध्यान आहे. अशीच उभी राहायचीस, फाटकाला टेकून. शंभरदा सांगितलं, कड बदल, कड बदल, एकाच बाजूला घेऊ नकोस. कधी ऐकलंस?"

आपण काय बोललो ते आईला एकदम कळलं नाही. कळलं तेव्हा तिने फोन मांडीवर पालथा घातला, जसं काही ती बाई पुढचंही सांगून टाकेल. ताईला राग आला. चांगला सणसणीत राग आला, विशीत यायचा तसा. आणि रागाच्या बरोबरीने आनंद झाला, लाज वाटावी इतका, की ओरडून सगळ्या इमारतीला सांगावं. तिला टाचा आठवल्या होत्या, आणि टाचा होत्या. खिडकी होती.

"मग मी नापास नव्हते झाले," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून बारीक निघाला.

आईने एक शेंग उचलली, सोलली, दाणे भांड्यात न टाकता हातातच ठेवले. "चौथीत दुसरी आली होतीस," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते, पायांत जोर यायला वेळ लागेल. येईल, पण वेळ लागेल. माझं शिवणाचं काम, तुझे वडील सकाळी जायचे ते दिवेलागणीला. कोण घेणार होतं त्याला? आणि लोकांना काय सांगणार होते मी? मुलाचे पाय उभे राहत नाहीत? जन्मभर तेच चिकटलं असतं त्याला. मुलगी नापास झाली हे सांगायला सोपं होतं. मुली होतात नापास. कुणी पुन्हा विचारत नाही."

"मी विचारलं ना. कितीदा विचारलं."

"तू विचारलंस," आई म्हणाली. "एकदा सांगितलं म्हणजे पुढे तेच सांगावं लागतं गं. मग मलाही तेच वाटायला लागलं." तिचे डोळे भरले नाहीत, ती रडणारी बाई नव्हती. फक्त दाणे धरलेली मूठ ती उघडेना.

"दोन वर्षं, आई."

"दोन शाळेची. त्याच्या आधी एक वर्ष शाळेतून आलीस की दप्तर टाकून घ्यायचीस त्याला, ते कुणी धरलंच नाही. तीन." आणि मग घाईने, दाराकडे बघत, "त्याला सांगू नकोस. त्याच्या डोक्यात पक्कं आहे, दहाव्या महिन्यात चाललो म्हणून. ती पदकं बघ. आता या वयात कशाला?"

ताईने पदकांकडे पाहिलं. तिला त्यांचा कधीच हेवा वाटला नव्हता, आजही वाटला नाही. उलट तिच्या मनात आलं, त्या पायांत जोर यायची वाट बघत कुणीतरी तीन वर्षं उभं होतं, आणि हे त्याला माहीत नसावं हे काही बरं नाही. त्याच्या दृष्टीनेही बरं नाही. दाराचं कुलूप वाजलं. धाकटा आत आला तो घामाने निथळत, एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायातला बूट काढत.

"ताई! कधी आलीस?" त्याने वाकून आईच्या मांडीवरचा फोन उचलला, सुलटा केला. "ही कोण बाई? अशी काय वाकडी उभी आहे?"

"मी आहे ती."

"तू?" त्याने फोन डोळ्यांजवळ नेला, मग तिच्याकडे पाहिलं, खांद्यांकडे, कमरेकडे, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिल्यासारखं. "अरे हो की. अशीच उभी असतेस तू. काय झालंय?"

आईने ताईकडे पाहिलं, विनवणीने. ताईनेही तिच्याकडे पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

"तू जड होतास रे," ती म्हणाली. "तीन वर्षं माझ्या कडेवर होतास. तुझे पाय टेकत नव्हते."

तो हसला. मग त्याने आईकडे पाहिलं, आणि आई हसत नव्हती.